बुटके वारली आणि बोईसरची मावशी

विरार सुटलं की डहाणू लोकलच्या लेडीज डब्यात जरा हवा येते. मी मात्र घामाघूम, पर्समध्ये सुया आणि सुती धाग्याचा गुंडा! मैत्रिणीला बाळ होणार आहे. टोपडं विणायचंय आणि त्यावर हवाय वारली तारपा नाच. पद्मश्री जिव्या सोमा म्हसे या जिल्ह्यातल्या गंजाडचे. म्हटलं, विणायचा ग्राफ इथे नाही तर कुठे मिळणार?

पालघरला उतरून दुकानं पालथी घातली. पिशव्या, मग, कुर्ते, सगळ्यांवर वारली. ग्राफ? नाही बुवा! विणकामाची पुस्तकं उघडावीत तर हरणं, बर्फाचे कण आणि जाडजूड लोकर. आपल्या दमट हवेत ते घालणार कोण?

शेवटी बोईसरची मावशी. तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं, देशभरातून माणसं कॉलनीत आली. मावशीचे निम्मे नमुने पंजाबी शेजारणीकडून आलेले, सगळे तोंडपाठ. कागदावर एकही नाही!

मी चौकटीच्या वहीत नाच काढून नेला होता. विणला, तर सगळे वारली बुटके. मावशी खो खो हसली. "अगं, टाका चौकोनी कुठे असतो? उंचीपेक्षा रुंद असतो तो. पाच टाक्यांच्या रुंदीला सात ओळी धर."

धरल्या. दोन त्रिकोणांची कंबर झक्कास जमली. नाचाची गोल गुंडाळी मात्र तीनदा उसवली. मैत्रिणीची तारीख पुढच्या महिन्यात आहे, आणि मावशीने यावेळी वही स्वतःकडे ठेवून घेतलीय.