पडदा मुका कां होतो?

घरांतील एखादें यंत्र अडून बसलें म्हणजे त्याच्या बिघाडापेक्षां घरांतील माणसांचे स्वभावच अधिक उघडे पडतात. कोणी चार कळा एकदम दाबतो, कोणी यंत्राच्या पाठीवर थाप मारतो, तर कोणी गेल्या खेपेस त्याला हात कोणीं लावला होता याची चौकशी आरंभितो. लॅपटॉपवरचें चित्र तारेवांचून भिंतीवरच्या टीव्हीवर पाठविण्याची सोय घरोघरीं झाल्यापासून या प्रसंगांत एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. चित्र येतें, पात्रांचे ओठ हालतात, पण आवाज येत नाहीं. दादासाहेब फाळके यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ सालीं लोकांपुढें आला, आणि 'अयोध्येचा राजा' हा मराठी बोलपट १९३२ सालीं. चित्राला मराठी वाचा फुटण्यास जीं एकोणीस वर्षें लागलीं, तीं एका क्षणांत पुसलीं जाऊन दिवाणखान्यांत पुन्हां मूकपट सुरू होतो!

पुष्कळांस ही गोष्ट हंसण्यावारी नेण्याजोगी वाटेल. चित्र तर दिसतें आहे, मग थोडी कळ काढावी, असें ते म्हणतील. टेमघरास ज्या एकत्र कुटुंबांत आम्ही राहतों, तेथें मात्र ही कळ काढणें एका व्यक्तीस फार जड जातें. आमच्या काकूंची दृष्टी काचबिंदूनें जवळजवळ हिरावून घेतली आहे. या रोगानें गेलेली दृष्टी परत येत नाहीं; उरली असेल तेवढी औषधांनीं राखावयाची. दुपारीं मंडळी आपापल्या कामांस गेलीं म्हणजे कीर्तन, 'संगीत सौभद्रा'सारखीं जुनीं नाटकें, आणि परदेशीं असलेल्या नातवानें पाठविलेलीं बोलकीं चित्रें हीच त्यांची सोबत. लॅपटॉपचा बारीक आवाज भिवंडीच्या मागांच्या खटखटींत बुडून जातो, म्हणून टीव्हीचा मोठा आवाज हवा. इतरांचा टीव्ही मुका होतो तेव्हां काकूंचा नाहींसाच होतो.

सुदैवानें या बिघाडाचा शोध घेण्याची रीत टेमघरकरांस नव्यानें शिकविण्याचें कारण नाहीं. उल्हास नदीचें पाणी शहाडास उचललें जातें, टेमघरच्या केंद्रांत शुद्ध होतें आणि पुढें भिवंडीस व आसपासच्या भागास जातें. स्वयंपाकघरांतली तोटी कोरडी पडली तर शहाणा मनुष्य तोटी फोडीत नाहीं. गच्चीवरची टांकी भरली आहे काय, शेजारीं पाणी आलें आहे काय, असें तो एकेक टप्पा मागें विचारीत जातो. आवाजाचेंही तसेंच आहे. तो लॅपटॉपमध्यें उपजतो, लहरींवरून प्रवास करतो, टीव्हींत शिरतो आणि स्पीकरमधून बाहेर पडतो. यांपैकीं कोठें तो अडला, एवढेंच शोधावयाचें असतें. त्यासाठीं आम्हीं घरांत पांच प्रश्न ठरविले आहेत, एका हाताच्या बोटांवर मोजतां येतील असे.

पहिला प्रश्न टीव्हीस. रिमोटनें त्याचें स्वतःचें एखादें चॅनेल लावावें. तें बोललें तर टीव्ही निर्दोष आहे. न बोललें तर तो म्यूट केलेला असेल, किंवा त्याचा आवाज बाहेरच्या एखाद्या स्पीकरकडे वळविलेला असेल. दुसरा प्रश्न लॅपटॉपला. जोडणी तोडून त्याच्याच स्पीकरवर तें नाटक ऐकावें. तेथेंही शांतताच असेल तर चित्राच्या चौकटींतील स्पीकरची बारीक खूण तपासावी. ती बंद राहिल्यास बाहेरचे सारे आवाज वाढवून कांहीं उपयोग होत नाहीं.

तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा, आणि बहुतेक वेळां उत्तर येथेंच सांपडतें: लॅपटॉप आवाज पाठवितो आहे तो कोणाकडे? चित्र आणि आवाज एकाच वाटेनें जात असावेत असें आपण धरून चालतों. परंतु लॅपटॉपच्या दृष्टीनें टीव्ही हा एक पडदा आहे आणि त्याशिवाय एक निराळा स्पीकरही आहे. पडदा जोडला म्हणून स्पीकर निवडला गेलाच असें नाहीं. विंडोजमध्यें उजव्या कोपऱ्यांत खालीं स्पीकरची खूण असते. ती दाबून यादी उघडावी आणि तींतून टीव्हीचें नांव निवडावें. एकदां घरांतील चिरंजीवांचा ब्लूटूथ हेडफोन कपाटांत चालूच राहिला होता, आणि त्या दुपारचें सबंध कीर्तन कपाटांतल्या कपड्यांनीं ऐकलें!

चौथा प्रश्न: पाठविलें काय? क्रोम ब्राउझरमधून एकच टॅब कास्ट केला तर त्याचा आवाज त्याच्याबरोबर जातो. सगळा पडदा पाठवितांना आवाजाची निवड वेगळी पाहावी लागते. पांचवा प्रश्न जोडणीचा. वीज जाऊन आली म्हणजे लॅपटॉप पुष्कळदां आपल्याच स्पीकरकडे परत वळलेला असतो. अशा वेळीं जोडणी तोडून टीव्ही व लॅपटॉप दोन्ही बंद करावे, आधीं टीव्ही सुरू करावा, मग लॅपटॉप, आणि पुन्हां जोडावें. इतक्यानेंही भागलें नाहीं तर एचडीएमआयची तार लावून पाहावी. तारेनें आवाज आला तर दोष बिनतारी वाटेंत आहे हें निश्चित होतें, आणि काकूंची दुपारही वांचते.

आवाज येतो पण तुटत येतो, हें दुखणें वेगळें. वायफायची जुनी २.४ गिगाहर्ट्झची वाट फार गजबजलेली असते. शेजाऱ्यांचे राउटर, ब्लूटूथ, स्वयंपाकघरांतील मायक्रोवेव्ह, सारे तिच्यावरूनच जातात. राउटर व टीव्ही यांस ५ गिगाहर्ट्झची वाट चालत असेल तर ती घ्यावी. मात्र ती भिंतींपुढें लवकर दमते, म्हणून यंत्रें एकाच खोलींत असावींत. ओठ आधीं आणि शब्द मागाहून, असें होत असल्यास टीव्हींतील आवाज पुढेंमागें करण्याची सोय वापरावी. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघानें १९९८ सालीं प्रसिद्ध केलेल्या शिफारशीप्रमाणें आवाज चित्राच्या पुढें सुमारें ४५ सहस्रांश सेकंद गेला किंवा मागें १२५ सहस्रांश सेकंद राहिला कीं प्रेक्षकास तें जाणवूं लागतें. मागाहून येणारा आवाज आपण अधिक सोसतों, कारण दूरच्या विजेनंतर गडगडाट ऐकण्याची आपल्यास जन्माची संवय आहे.

सर्वांत फसवें दुखणें आमच्याकडे गेल्या पावसाळ्यांत उद्भवलें. चित्रपटांतलें संगीत मोठ्यानें वाजे, पण संवाद पुसट येत. काकूंनीं दोनदां विचारलें, "आतां काय म्हणाला तो?" तिसऱ्यांदा विचारलें नाहीं. कानही गेले असावेत, असें घरांत कोणी हलक्या स्वरांत म्हणालें, आणि तें मात्र त्यांस स्पष्ट ऐकूं गेलें. त्या दिवसापासून त्या कांहीं न समजतां "हो, हो" म्हणूं लागल्या. खरा प्रकार असा कीं पुष्कळ चित्रपटांचा आवाज सहा वाटांनीं नोंदलेला असतो आणि संवाद त्यांतील मधल्या वाटेंत ठेवतात; दोनच स्पीकरांच्या टीव्हीवर ही जुळणी बिघडली तर नेमकी तीच वाट गळते. चिरंजीवांनीं आवाजाची निवड बदलून साधें स्टीरिओ केलें, तेव्हां पहिल्याच संवादास काकू मनापासून हंसल्या.

ज्यांस दिसत नाहीं किंवा कमी ऐकूं येतें, तीं माणसें फार वेळ तक्रार करीत नाहींत. दोनदां विचारून तीं गप्प बसतात, आणि आपण त्या गप्प बसण्यास समाधान समजतों. म्हणून यंत्राची पुरती चौकशी होईपर्यंत माणसाच्या कानांवर ठपका ठेवूं नये. आणि यंत्राचें ज्ञान घरांतल्या एकाच तरुणाच्या मुठींत राहूं देऊं नये. काकू आतां रिमोटची कळ चाचपून टीव्ही बोलतो कीं नाहीं हें स्वतः पाहतात, आणि उरलेले चार प्रश्न घरीं असेल त्या सुनेस क्रमानें विचारतात. वाचकभगिनींनीं आपापल्या घरच्या वडीलधाऱ्यांस हे पांच प्रश्न बोटांवर मोजून एकदां शिकवावे. त्यास अर्ध्या घटकेहून अधिक वेळ लागत नाहीं.