मांजरं, म्युझियम आणि वाचनालयातली मागची खोली

मंडळी, आमच्या घरात तीन मांजरं आहेत हे तुम्हाला आता पाठ झालंय. रस्त्याच्या कामाची बातमी टाकली की चाळीस लाईक्स आणि सुभेदार उलटा झोपलेला फोटो टाकला की चारशे, हे दुःख मी बरीच वर्षं गिळतोय. आजची पोस्ट फोटोंची नाही. पुढच्या शनिवारी आपल्या गावच्या वाचनालयाची बैठक आहे, त्याबद्दल बोलायचंय. पण आधी थोडं फिरवून आणतो, कारण तिथे जे मांडणार आहे ते असंच फिरताना डोक्यात आलं.

घरात आम्ही दोघं आणि ही तिघं. बायजा थोरली, तिरंगी. (तीन रंगांचं मांजर बहुतेक वेळा मादीच असतं, बोका अगदी क्वचित. हे मला बायकोने सांगितलं आणि डॉक्टरांनी खरं ठरवलं.) सुभेदार एका कानाचा, दुसरा कान कुठल्या लढाईत गेला ते त्यालाच ठाऊक. आणि चिंगी, जी पावसाळ्यात प्रेसच्या मागे पुठ्ठ्याच्या खोक्यात सापडली. तिघांचीही ऑपरेशनं करून घेतलीत. मांजरी साधारण दोन महिन्यांत पिल्लं देते आणि वर्षातून दोन-तीनदा विते. पाळायची हौस असेल तर हा खर्च आधी धरायचा, नाहीतर पिल्लं पोत्यात भरून बाजारपेठेत सोडणाऱ्यांत आपलीही भर.

तर या तिघांमुळे आम्हाला मुक्कामाचं बाहेर जाता येत नाही. सकाळी निघायचं, रात्री परत. एसटीने एका दिवसात जाऊन येता येईल तेवढंच आमचं जग. बायको त्याला ‘मांजरांची हद्द’ म्हणते. कराडच्या अंगाला राहतो म्हणून बरं. सातारा, औंध, कोल्हापूर, फार ताणलं तर पुणं, एवढं त्या हद्दीत बसतं. आणि दिवसभरात बघून होतं, पैसे कमी लागतात, उन्हात फिरावं लागत नाही असं ठिकाण म्हणजे म्युझियम. हौस वगैरे नंतर लागली. सुरुवात सावली बघूनच झाली.

बायको सरकारी ऑफिसात रेकॉर्डला आहे. तिचा जन्म नोंदवह्यांत आणि बासनांत चाललाय. त्यामुळे आम्ही दोघं एकाच कपाटापुढे उभे राहतो, पण बघतो वेगळं. मी मूर्ती बघतो. ती मूर्तीच्या पायाशी, कोपऱ्यात, रंगाने लिहिलेला बारीक नंबर शोधते. नंबर सापडला की तिचा चेहरा खुलतो. “म्हणजे हिची कुठेतरी नोंद आहे,” म्हणते आणि पुढे सरकते. पहिल्यांदा मला हसू यायचं. आता मीही आधी नंबर बघतो.

औंधला यमाईच्या डोंगरावर श्री भवानी चित्रसंग्रहालय आहे. १९३८ साली बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी सुरू केलेलं. सूर्यनमस्कारवाले आणि प्रजेच्या हाती कारभार देणारे तेच ते राजेसाहेब. स्वतः चित्रकार. तिथे रविवर्म्याची मूळ चित्रं आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं आई आणि मूल असं दगडी शिल्प आहे. मुंबई-दिल्लीच्या लोकांनी ज्याच्यासाठी रांग लावावी ते औंधच्या डोंगरावर शांत बसलंय. कोल्हापूरच्या टाऊन हॉलमध्ये ब्रह्मपुरीच्या टेकडीवर सापडलेला पोसायडन आहे, ब्राँझचा, वीतभर, रोमन काळातला समुद्रदेव. समुद्रापासून इतक्या आत, पंचगंगेच्या काठी. आमच्या जिल्ह्यातली माणसं कोल्हापूरला गेली की अंबाबाई, रंकाळा आणि मिसळ एवढं करून परततात. टाऊन हॉलच्या बागेत फार तर सावलीला टेकतात. आतही जा की.

पुण्याचं केळकर म्युझियम मात्र जरा वेगळं. दिनकर केळकर म्हणजे ‘अज्ञातवासी’ नावाने कविता लिहिणारे गृहस्थ. एकुलता एक मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याच्या नावाने त्यांनी आणि कमलाबाईंनी गावोगाव हिंडून वस्तू गोळा केल्या आणि ते सगळं राज्याला देऊन टाकलं. तोफा-तलवारींपेक्षा तिथे अडकित्ते, दिवे, वज्र्या, पानाचे डबे, दारं, वाद्यं. वीस हजारांवर वस्तू आहेत म्हणतात, आणि एका वेळी मांडलेल्या दिसतात त्या त्यातल्या थोड्याच. पाय घासायच्या वजरीवर मोर बसवणारा तांबट कोण असेल? नाव नाही राहिलं, वजरी राहिली. बायको त्या दिवशी फार बोलली नाही. स्वारगेटला गाडीत बसल्यावर म्हणाली, “दोघांनी मिळून केलं म्हणून झालं.” मी खिडकीतून बाहेर बघितलं. काही वाक्यांना उत्तर द्यायचं नसतं.

मुंबई हद्दीबाहेरची, पण एकदा केलीच. कराडहून रात्री महालक्ष्मी पकडली, सकाळी सीएसएमटी, दिवसभर पायपीट आणि रात्री परत महालक्ष्मी. मांजरांकडे शेजारच्या काकूंना बघायला लावलं. त्यांना मांजरं आवडत नाहीत, तरी दोन्ही वेळा ताटली भरली. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाची पायाभरणी १९०५ ची, पण ते लोकांना खुलं झालं १९२२ मध्ये. मधल्या पहिल्या महायुद्धात त्या इमारतीत जखमी सैनिकांचा दवाखाना होता. हे वाचताना आम्ही दोघांनीही एकमेकांकडे बघितलं, कारण साताऱ्यात आम्ही तेच डोळ्यांनी पाहिलेलं. संग्रहालयाच्या नव्या इमारतीत कोविडचा जम्बो दवाखाना झाला होता. तिथे बातमीला उभा असायचो तेव्हा आत वस्तू नव्हत्या, माणसं होती, आणि बाहेर डबे घेऊन ताटकळलेले नातेवाईक.

दुपारी राणीच्या बागेत भाऊ दाजी लाड संग्रहालय बघितलं. बाहेर घारापुरीचा दगडी हत्ती आहे, ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. इंग्रज तो विलायतेला नेणार होते, हलवताना तुटला आणि इथेच राहिला. काळा घोडा म्हणून सगळी मुंबई ज्या भागाला ओळखते, तिथला मूळ घोडा, वर राजा बसलेला, तोही या बागेतच आणून ठेवलाय. बायको म्हणाली, तुटलेल्या आणि नको झालेल्या वस्तू भायखळ्याला पाठवायची पद्धत दिसते. पण जोडून, उभं करून, पाटी लावून ठेवलंय. पाटी महत्त्वाची.

आता साताऱ्याची वाघनखं. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून तीन वर्षांच्या बोलीवर आली, त्यांचा पहिला मुक्काम साताऱ्यात, पुढे नागपूरला गेली. आम्ही रांगेत उभे राहिलो. पुढे एक आजोबा नातवाला खांद्यावर घेऊन होते, मागे कॉलेजची पोरं. काचेपाशी पोचलो तर हातात मावेल एवढीशी वस्तू. बोटांत घालायच्या कड्या आणि वळलेल्या नख्या. बायको म्हणाली, “सुभेदारासारखंच आहे. मूठ मिटली की दिसत नाही.” मागच्या पोरांनी ते ऐकलं आणि हसली, मला घाम फुटला. हल्ली कशावरून काय पेटेल सांगता येत नाही.

पण त्या वाघनखांची एक गोष्ट मला फार आवडली आणि ती रांगेतल्या कुणी बोलत नव्हतं. ही नेमकी तीच का, ते पडताळता आलेलं नाही, असं खुद्द लंडनच्या म्युझियमनेच नोंदवून ठेवलंय. वस्तू ग्रँट डफच्या घराण्याकडून आली, तो साताऱ्यात कंपनीचा रेसिडेंट होता, तिच्याबद्दल असं असं सांगितलं जातं, आणि एवढंच खात्रीने म्हणता येतं. माहीत आहे ते लिहिलं, नाही ते नाही असं लिहिलं. इतिहासकार त्यावरून वाद घालू शकले ते या नोंदीमुळेच. नोंदच नसती तर वाद कशावर घालणार? नुसता आरडाओरडा झाला असता.

तर मंडळी, आता आपल्या गावात या.

वाचनालयाच्या मागच्या खोलीत काय आहे हे तुमच्यापैकी किती जणांना माहीत आहे? बातमीच्या कामाला जुने अंक बघायला मी तिथे जात असतो. आपल्या गावातून निघणाऱ्या जुन्या साप्ताहिकाच्या फायली आहेत. प्रतिसरकारच्या काळातली, तुफान सेनेतल्या एका माणसाच्या घरच्यांनी आणून दिलेली पत्र्याची पेटी आहे, त्यात सायक्लोस्टाईलवर काढलेली पत्रकं. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपानंतर गावच्या फोटोवाल्याने काढलेले पडक्या घरांचे फोटो आहेत. मोडीतली दप्तरं आहेत, दोन जाती, एक पखवाज, शाळेची पितळी घंटा. कोणी, कधी, का दिलं हे एकट्या ग्रंथपालांच्या डोक्यात आहे आणि ते दिवाळीनंतर निवृत्त होतायत. नोंदवही नाही. एकाही वस्तूवर नंबर नाही.

आणि उंदीर आहेत. साप्ताहिकाच्या एका वर्षाच्या फायलीला वरून हात लावला तर ठीक, उचलली तर खालचा अर्धा भाग भुगा होऊन सांडतो. ग्रंथपाल मला म्हणाले, “एखादं पिल्लू द्या की ओ. नाकात दम आणलाय ह्यांनी.” मी लगेच हो म्हणणार होतो, कारण रशियात सेंट पीटर्सबर्गच्या राजवाड्यात, जिथे आता हर्मिटाज म्युझियम आहे, १७४५ साली महाराणीने हुकूम काढून कझानहून मांजरं मागवली होती आणि आजही तिथे पन्नासेक मांजरं पोसतात, हे मी कुठे बोलायला मिळतंय याची वाटच बघत होतो. पण बायकोने मध्येच तोडलं. “मांजर अंगणात. खोलीत नाही. मांजराच्या मुताने कागद उंदरापेक्षा लवकर जातो. आणि वाळवीचं, कसरीचं काय? ती मांजर खाणार?” हर्मिटाजचीही मांजरं तळघरात असतात, दालनांत नाही, हे तिला मी सांगितलं नाही. तिला आधीच बरोबर असल्याची सवय आहे.

शनिवारच्या बैठकीत विषय आहे तो ही खोली रिकामी करून तिथे स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी अभ्यासिका करायचा. वस्तू तात्पुरत्या गोदामात हलवणार म्हणे. ‘तात्पुरत्या’ या शब्दाचा अर्थ आपल्या गावात काय होतो ते जुन्या चौकातल्या कारंज्याला विचारा.

हे लिहिलं की मला दोन प्रकारचे फोन येणार. एक, इतिहासाचा अपमान, खोलीला हात लावू देणार नाही. दुसरा, पोरं व्हरांड्यात पोत्यावर बसून अभ्यास करतात आणि तुम्हाला मढी जपायची पडलीय. दुसरा फोन करणाऱ्याचं मला पटतं. मी ती पोरं बघतो. रात्री दहाला वाचनालयाचा दिवा गेल्यावर बँकेच्या एटीएमच्या उजेडात पुस्तक धरून उभा असलेला मुलगा मी पाहिलाय. त्याला खोली मिळाली पाहिजे. जात्यापेक्षा त्याची गरज मोठी आहे, हे मी इतकी म्युझियमं बघूनही म्हणतो.

पण नोंद झाल्याशिवाय त्या खोलीतलं एक पानही हलता कामा नये. खोली गेली तरी वस्तू दुसरीकडे राहू शकते. यादी नसताना हललेली वस्तू मात्र गेल्यातच जमा, कारण ती होती हेच उद्या कुणाला सिद्ध करता येणार नाही. चोरीला जायचीही गरज नाही. पितळी घंटा भंगारात जाईल, पेटी कुणाच्या तरी माळ्यावर, आणि पत्रकं पहिल्या पावसात. नाव घेऊन जबाबदार धरायला कुणी नसेल, कारण काय होतं तेच लिहिलेलं नसेल.

म्हणून बैठकीत माझं एवढंच मागणं आहे: आठ रविवार द्या. प्रत्येक वस्तूला नंबर, मोबाईलवर फोटो, आणि वहीत तीन ओळी. काय आहे, कुणी दिलं, काय माहीत नाही. पहिली वही बायको लिहायला बसणार आहे, तिचं अक्षर माझ्यापेक्षा चांगलं आहे. मोडी वाचता येणारे दोघं तरी गावात आहेत, त्यांना मी गाठतोय. अभ्यासिकेतली मुलं नंबर टाकायला यायला तयार आहेत, मी विचारलंय. त्यातल्या एकीने विचारलं, “सर, यावर प्रश्न येतो का परीक्षेत?” प्रतिसरकारवर येतो, म्हटलं. मग पाच जणी तयार झाल्या. आणि ग्रंथपाल निवृत्त व्हायच्या आत त्यांच्याशेजारी कुणीतरी रेकॉर्डिंग चालू करून बसलं पाहिजे, रोज तासभर. ते काम मी घेतलंय.

धाराशिवजवळ तेरला जायचं आमचं कधीचं राहिलंय. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर गोळा केलेल्या वस्तूंवर तिथलं म्युझियम उभं राहिलं, आणि तिथली हस्तिदंती बाहुली पाहायला बायको दोन वर्षं मागे लागलीय. इटलीत पॉम्पेईला सापडलेल्या मूर्तीशी तिचं साम्य आहे. पण जाऊन येऊन एका दिवसात होत नाही. हद्दीबाहेर. आता या आठ रविवारांत तर शक्यच नाही.

ज्यांच्या घरून पूर्वी वाचनालयाला काही दिलं गेलंय त्यांनी आजी-आजोबांना विचारून कमेंटमध्ये लिहा, काय दिलं होतं आणि साधारण कुठल्या साली. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ असंही लिहा. बैठक शनिवारी संध्याकाळी सहाला, वाचनालयातच. सभासद नसाल तरी मागे बसून ऐकता येतं. येताना जमल्यास सुती कापडाचे जुने, धुतलेले तुकडे आणा, दप्तरं बांधायला लागणार आहेत.