‘ती शेड इथे चालत नाही’

मे महिन्यात चिपळूणला मामेबहिणीचं लग्न होतं. त्यासाठी डोंबिवलीत स्टेशनाजवळच्या एका मोठ्या झगमगीत दुकानात मी फाउंडेशन घ्यायला गेले. तिथे काउंटरवरची मुलगी मला म्हणाली, “मॅडम, ती शेड इथे चालत नाही.” लग्न झालं, पावसाळाही सरत आला, पण ते वाक्य डोक्यातून जात नाही.

माझ्या चेहऱ्याची कथा बहुतेकींना माहीत असलेलीच आहे. आठवीत मुरुमं सुरू झाली. मुलतानी माती, बेसन-हळद, कडुलिंबाचा पाला, टूथपेस्ट, लिंबू, सगळं झालं. (लिंबू चेहऱ्याला लावू नका. रस आम्लधर्मी असतो आणि तो लावून उन्हात गेलं तर कातडी भाजल्यासारखी काळी पडू शकते.) मग उशिरा का होईना त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. अ‍ॅडापलीन आणि बेंझॉइल पेरॉक्साइड मिळालं. त्या पेरॉक्साइडने उशांच्या अभ्र्यांचा रंग उडाला, पण मुरुमं आटोक्यात आली. राहिले ते डाग आणि गालांवरचे थोडे खड्डे. सावळ्या त्वचेत मुरूम बसलं तरी त्या जागी रंगद्रव्य जास्त तयार होतं आणि तो काळपट डाग महिनोन्महिने हलत नाही. आता चाळिशी आली, तरी दुपारी बारापर्यंत माझं कपाळ, नाक आणि हनुवटी तेलाने चमकू लागतात.

मला गोरं दिसायचं नव्हतं, हे आधीच सांगते, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. मला माझाच रंग हवा होता, फक्त सगळीकडे सारखा.

दुकानात जाताना काय घ्यायचं ते पक्कं ठरलेलं होतं. तेलकट त्वचेसाठीचं मॅट फाउंडेशन, तीस मिलिलीटरची बाटली, चारशे रुपयांच्या आत. ऑफिसातल्या मैत्रिणीकडे ती बाटली मी पाहिली होती. तिची शेड माझ्याहून बरीच उजळ. पण खोक्याच्या मागे सगळ्या शेड्सचे ठिपके छापलेले होते आणि त्यांत माझ्या रंगाच्या जवळच्या दोन होत्या. त्यांचे क्रमांक मी मोबाइलमध्ये लिहून नेले होते.

मुलीने क्रमांक ऐकून घेतले, माझ्या चेहऱ्याकडे एकदा पाहिलं आणि वेगळाच टेस्टर उचलला. माझ्या हाताच्या मागच्या बाजूला एक रेघ ओढून म्हणाली, “ही घ्या. छान उजळ दिसेल.” रेघ पांढुरकी होती, कातडीवर खडूसारखी वेगळी उठून दिसत होती. मी म्हटलं, ही माझी नाही. ती म्हणाली, “फाउंडेशन एक-दोन शेड वरचीच घ्यायची असते, मॅडम.” मी पुन्हा क्रमांक सांगितले. तिने खालचा खण उघडला. त्यात खोकी नीट रचून ठेवलेली होती आणि सगळी त्याच तीन शेड्सची होती, सगळ्यांत उजळ तीन. “तुम्ही म्हणता ती शेड इथे चालत नाही. कोणी घेत नाही.”

मी दुकानात नजर फिरवली. नर्सच्या गणवेशातली एक बाई लिपस्टिक बघत होती, कॉलेजच्या दोन मुली काजळ घेत होत्या, नातीला घेऊन आलेल्या एक आजी होत्या. त्यांतल्या एकीचाही रंग त्या तीन शेड्समध्ये बसणारा नव्हता. आणि ज्या मुलीने मला ते सांगितलं तिची मान माझ्याच रंगाची होती. चेहरा मात्र त्या खणातल्या शेडचा. जबड्याच्या कडेला दोन रंगांची सीमा स्पष्ट दिसत होती आणि गालांवर राखेसारखी छटा आली होती. उजळ फाउंडेशनमध्ये पांढरा टायटॅनियम डायऑक्साइड जास्त असतो. सावळ्या कातडीवर त्याने गोरेपणा येत नाही, राखाडीपणा येतो. ती मुलगी दिवसभर तशी उभी होती, कारण दुकानात तेच होतं.

मी गल्ल्यावरच्या मालकांकडे गेले. ते म्हणाले, “कंपनी पाठवते तसा माल येतो, ताई.” मुलगी सांगत होती कोणी घेत नाही, मालक सांगत होते कंपनी पाठवत नाही. जे ठेवलेलंच नाही ते कोणी घेणार कसं, असं मी विचारलं. यावर त्यांनी माझा चेहरा न्याहाळला आणि चार गिऱ्हाइकांसमोर मोठ्याने म्हणाले, “तुमच्या स्किनवर तसंही काही टिकणार नाही. आधी ट्रीटमेंट घ्या. व्हाइटनिंगची चांगली क्रीम दाखवू का?” त्या आजींनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. मी काही न घेता बाहेर पडले.

हे एवढं सविस्तर लिहिते, कारण हे माझ्या एकटीचं नाही. या देशात फेअर अँड लव्हली १९७५ साली बाजारात आली आणि तिच्या नावातला ‘फेअर’ जायला २०२० साल उजाडलं. नाव गेलं, पण काउंटरवरची भाषा गेली नाही. लॅक्मेचा जन्म १९५२चा, म्हणजे आपल्याकडे ही प्रसाधनं तयार होण्याला सात दशकं उलटली. तिकडे अमेरिकेत गायिका रिहानाने २०१७ साली फेंटी ब्यूटी सुरू केली ती एकदम चाळीस शेड्स घेऊन, आणि मग बाकीच्या कंपन्यांनाही गडद शेड्स काढाव्या लागल्या. मला हव्या त्या शेड्स आपल्याकडेही बनतात. खोक्यावर छापलेल्या असतात. कारखान्यातून निघालेली बाटली दुकानाच्या खणापर्यंत मात्र येत नाही, कारण मध्ये कोणीतरी बसून ठरवतं की या बाईला स्वतःचा रंग नको असणार.

त्या मुलीवर माझा राग नाही. काउंटरवर आठ-नऊ तास उभं राहून, जे खणात आहे ते खपवायचं, हे तिचं काम. मालकांवर आहे, आणि तो राहील.

माझी शेड मिळाली ती बाजारातल्या एका बोळातल्या कटलरीच्या दुकानात. बांगड्या, पिना, मेंदीचे कोन, नाड्यांचे गुंडे यांच्यामधल्या एका फळीवर ती खोकी होती. दुकान एक काकू चालवतात. मी क्रमांक सांगितल्यावर त्यांनी धूळ पुसून खोकं पुढे केलं. मी त्यावरची मुदत वाचली, अजून बरीच होती. तुम्ही ही शेड ठेवता का, म्हणून विचारलं तर म्हणाल्या, “मी मागवते तेच येतं की. माझ्याकडे बायका येतात त्यांचे चेहरे बघून मी माल भरते.” मग स्वतःहून म्हणाल्या, “इथे ट्यूबलाइटखाली बघू नकोस. दारात उजेडात जा आणि हनुवटीच्या खाली लावून बघ.” गालापासून मानेपर्यंत बोटाने ओढलेली रेघ जिथे दिसेनाशी होते ती आपली शेड. हातावर बघण्यात अर्थ नसतो, कारण हाताचा आणि चेहऱ्याचा रंग बहुतेकींचा वेगळाच असतो.

“आणि लगेच घेऊ नकोस, एक चक्कर मारून ये,” असंही काकू म्हणाल्या. हा सल्ला लाखमोलाचा आहे. फाउंडेशनमधला पातळ, उडून जाणारा भाग आधी वाळतो आणि मग त्वचेतलं तेल आतल्या रंगकणांना भिजवतं. कोरडी माती ओली झाली की गडद दिसते, तसंच हे. तेलकट त्वचेवर अर्ध्या तासात रंग जरासा गडद होतो. मी भाजी घेऊन परत आले तेव्हा रेघ किंचित गडद झाली होती, पण मानेशी जुळत होती. दोन शेड्सपैकी उजळ असलेली मी घेतली. रंग गडद झाल्यावर ती बरोबर माझी झाली.

घरी रविवारी लावून पाहिलं. चेहरा धुतला, पातळ जेलसारखं मॉइश्चरायझर लावलं. तेलकट त्वचेला मॉइश्चरायझर कशाला, असं पुष्कळ जणी म्हणतात, पण कोरड्या पडलेल्या कातडीवर मॅट फाउंडेशन फुटतं. त्यावर सनस्क्रीन लावून ते मुरेपर्यंत चहा घेतला. फाउंडेशनमध्ये एसपीएफ लिहिलेलं असलं तरी त्यावर विसंबू नका. तो आकडा त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम लावून मोजतात, आणि तेवढं फाउंडेशन कोणीच चेहऱ्यावर थापत नाही. मग स्पंज ओला करून घट्ट पिळला, वाटाण्याएवढं फाउंडेशन घेतलं आणि फक्त गालांच्या मध्यावर, नाकाभोवती आणि हनुवटीवर थापटून लावलं. घासलं की खालचं सनस्क्रीन सुटतं, म्हणून थापटायचं. शेवटी पावडर, तीही फक्त कपाळावर आणि नाकावर दाबून.

आरशात पाहिलं आणि मी काही वेळ तिथून हललेच नाही. डाग दिसत नव्हते. चेहरा माझाच होता, मानेशी जुळणारा, सावळा, सारख्या रंगाचा. असा तो मी आठवीनंतर पाहिलाच नव्हता.

लग्नाआधी त्याची खरी परीक्षा मी लोकलमध्ये घेतली. लेडीज डब्यात निम्म्या जणी गाडीतच कंगवा, पावडर, लिपस्टिक उरकतात, कारण घरी लावून निघालं तर दादर येईपर्यंत त्यातलं काही राहत नाही. मी घरूनच लावून निघाले. गाडीत शिरायला मिळालं ते दाराजवळ, पंखा लांब. ऑफिसात पोचून पाहिलं तर नाकाच्या दोन्ही कडांना आणि ओठावर जरा सुटलं होतं, बाकी जागच्या जागी. दुपारी तेल आलंच. तेव्हा आधी टिश्यूने दाबून तेल टिपून घेतलं. तेलावर थेट पावडर मारली की चेहऱ्यावर गोळे होतात. संध्याकाळी घरी येईपर्यंत डाग पुन्हा जेमतेम दिसू लागले होते. एवढ्या किमतीच्या बाटलीकडून मी याच्या निम्म्याची अपेक्षा केली नव्हती.

त्याचे दोषही सांगते. खड्डे ते झाकत नाही. कुठलंच फाउंडेशन झाकत नाही, ते रंग सारखा करतं, कातडीचा उंचसखलपणा नाही. बाजूने उजेड आला की माझ्या गालांवरचे खड्डे दिसतात. ताज्या मुरुमाची खपली निघत असेल तर तिथे ते चिकटून उलट डोळ्यांत भरतं. त्या जागी लावूच नये.

चिपळूणच्या कार्यालयात एसी नव्हता, उकाडा विचारू नका. अक्षता पडल्या, पंगती उठल्या, माझा चेहरा टिकला. फ्लॅशच्या फोटोंत चेहरा पांढरा पडेल अशी भीती होती, सनस्क्रीनमुळे पुष्कळदा तसं होतं, पण चेहरा आणि मान एकाच रंगाचे आले. आत्या जवळ येऊन म्हणाली, “अगं, किती उजळलीस! काय लावतेस?” मी उजळले नव्हते, मी होते त्याच रंगाची होते. तरी तिचं बोलणं ऐकून मला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याचा त्रासही झाला. दुकानातल्या त्या माणसाच्या तोंडून हेच वाक्य आलं असतं तर मी भांडले असते. आत्याच्या तोंडून ते गोड लागलं. या दोन्ही गोष्टींचा मेळ मला घालता आलेला नाही.

रोज लावायचं नाही असं मी ठरवलं होतं. आता बहुतेक कामाच्या दिवशी लावते.

लग्नघरात मी आरशासमोर असताना माझी दहावीतली भाची शेजारी येऊन बसली. तिलाही मुरुमं आहेत. “मला पण लाव ना,” म्हणाली. शेड तिला जुळत नव्हती, म्हणून मी फक्त डागांपुरतं बोटाने टेकवलं आणि कडा मिटवल्या. तेव्हा जवळून पाहिलं, तर गालांची कातडी पातळ, लाल झालेली आणि बारीक रक्तवाहिन्या दिसणारी. काय लावतेस, विचारलं. तिने पिशवीतून ट्यूब काढून दाखवली. मेडिकलवाल्याने डाग जातील, गोरी होशील म्हणून दिलेली. वर मोमेटासोन लिहिलेलं होतं.

ते स्टिरॉइड आहे. पहिले काही आठवडे त्याने चेहरा खरोखरच उजळ आणि गुळगुळीत दिसतो, म्हणून मुली ते सोडत नाहीत. पुढे कातडी पातळ होते, ऊन सोसत नाही, मुरुमं आणखी उसळतात, आणि बंद केलं की चेहऱ्याची आग होते. अशी क्रीम डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसते, तरी ती विकली जाते. भाचीला तिच्या आईने पुढच्याच आठवड्यात त्वचारोगतज्ज्ञांकडे नेलं. तिचे गाल शांत व्हायला अजून वेळ लागणार आहे.

म्हणून घरातल्या मुलींच्या ट्यूबा एकदा हातात घेऊन वाचा. मोमेटासोन, बेटामेथासोन, क्लोबेटासोल, फ्लुओसिनोलोन यांपैकी एखादं नाव दिसलं आणि ते कोणा डॉक्टरांनी लिहून दिलेलं नसेल, तर मुलीला ती ट्यूब घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे न्या. बरेच दिवस लावत असेल तर एकदम बंद करू नका. ती कशी सोडवायची ते डॉक्टरांनाच ठरवू द्या.