मुळशीची थंडी आणि अंगणातली शेकोटी



भाताची झोडणी आटोपली, पेंढा रचून झाला आणि खाचरात वाल-हरभरा वर आला, की मुळशी खोऱ्यातल्या माणसाला थोडी सवड मिळते. पावसाळ्यात ताम्हिणीचे धबधबे पाहायला माणसांची रीघ लागते; पण तेव्हा डोंगर ढगांत दडलेले असतात. मुळशी डोळे भरून पाहायची तर मार्गशीर्ष-पौषात यावे. तुमच्याही रानातली कामे हलकी झाली असतील, तर मुलाबाळांसह एक मुक्काम इकडे जरूर करा.

पुण्याहून तालुक्याचे गाव पौड सुमारे ३० किलोमीटर. तिथून रस्ता मुळशी धरणाच्या पाण्याकडेने ताम्हिणी घाटात शिरतो आणि खाली रायगड जिल्ह्यात उतरतो. मुळा नदीवरचे हे धरण टाटा कंपनीने बांधले. त्याचे पाणी बोगद्यातून कोकणात भिऱ्याला नेऊन वीज तयार केली जाते. या धरणासाठी जमिनी जाऊ नयेत म्हणून १९२१ ते १९२४ या काळात इथल्या मावळ्यांनी सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह केला. जमिनी गेल्या त्या गेल्याच. म्हणून त्या निळ्या पाण्याचे कौतुक करताना त्याच्या तळाशी भातखाचरे आहेत, हे मुलांना अवश्य सांगा.

पहाटेचे धुके आणि फोटो

निरभ्र, वारा नसलेल्या रात्री डोंगरमाथ्यावरची गार, जड हवा उतारावरून खाली सरकते आणि दरीत साठते. म्हणून माथ्यापेक्षा खोऱ्यातल्या वाडीत पहाटे गारठा जास्त असतो. धरणाचे पाणी मात्र हवेइतके लवकर निवत नाही. त्याची वाफ गार हवेत थिजते आणि पाण्यावर धुक्याची गोधडी पसरते.

हल्ली घरोघरी मोबाइल आहे, तेव्हा फोटो हवेतच. सूर्य उगवल्यानंतरचा पहिला तास साधा. तिरप्या उन्हात डोंगराची एकेक घडी वेगळी उठून दिसते. दुपारच्या उन्हात तोच डोंगर सपाट दिसतो. काच मऊ फडक्याने पुसा आणि हात अंगाला टेकवून मोबाइल स्थिर धरा. शेकोटीचा फोटो गडद अंधारात न घेता दिवेलागणीला घ्या. आभाळात थोडा उजेड असतो, त्यामुळे जाळही दिसतो आणि माणसांचे चेहरेही. वासराचा किंवा कुत्र्याचा फोटो त्याच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून काढा. बैलाच्या डोळ्यांवर एकदम झगझगीत उजेड मारू नका, तो बुजतो.

शेकोटी कशी असावी?

शेकोटी लहान असावी. मोठ्या जाळापासून माणसे दूर सरकतात, लहान जाळाभोवती जवळ येतात. वाळून पडलेल्या फांद्या, काटक्या, करवंदीची वाळकी खोडे पुरेशी होतात. ओले लाकूड घालू नका. त्याची बरीच आच आतले पाणी आटवण्यातच जाते आणि उरतो तो डोळे चुरचुरवणारा धूर. बिब्ब्याचे लाकूड तर मुळीच नको. त्याच्या धुराने अंगावर फोड उठतात. इथे राबासाठी आधीच झाडांचे डहाळे उतरवले जातात, त्यात शेकोटीसाठी कोयत्याची भर नको. देवराईतली काडीही उचलायची नाही, हा वाडवडिलांचा नेम आजही पाळावा. डॉ. वा. द. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी १९७० च्या दशकात पश्चिम घाटातल्या अशा देवराया पायी फिरून अभ्यासल्या आणि त्या राखण्याचे महत्त्व जगापुढे मांडले.

पेंढ्याची गंजी आणि गोठा यांच्यापासून शेकोटी लांब, वाऱ्याची दिशा पाहून पेटवा. एक ठिणगी गंजीत गेली तर वर्षाची वैरण जाते. घमेल्यात निखारे घेऊन बंद खोलीत झोपू नका. निखाऱ्यातून निघणाऱ्या विषारी वायूला ना वास ना रंग. झोपेतच माणूस दगावतो.

मुकी जनावरे

थंडी त्यांनाही वाजते. वासरांखाली कोरडा पेंढा अंथरा, वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावा. मांजर चुलीच्या वैलाजवळ जागा शोधतेच. कुत्रे मात्र शेकोटीच्या राखेत वेटोळे करून झोपते आणि राखेखालच्या निखाऱ्याने भाजते. शिवाय या भागात बिबट्याचा वावर आहे. अंगणात बांधलेले कुत्रे त्याला आयतेच सापडते, म्हणून रात्री ते घरात घ्या. ताम्हिणीचे रान २०१३ पासून अभयारण्य आहे. आपला राज्यप्राणी शेकरू तिथे राहतो. त्या रानात कुत्रे मोकळे सोडू नका.

उठताना राख विझवा

मंडळी, सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही. दिवाळीनंतर डोंगरउतारावरचे गवत पिवळे पडून वाळते. सहलीला आलेली माणसे माळावर शेकोटी करतात आणि तशीच सोडून जातात. दुपारी वारा सुटतो आणि डोंगर पेटतो. काही ठिकाणी आपलीच माणसेही ‘जाळले की गवत चांगले फुटते’ म्हणून काडी लावतात. फूट हिरवी दिसते खरी, पण वरचेवर जाळलेल्या उतारावरची चांगली चाऱ्याची गवते कमी होतात, नवी रोपे मरतात आणि उघडी पडलेली माती पहिल्याच वळवाने ओढ्यात जाते. ती माती आपल्याच खाचराची आई आहे. राखीव जंगलात आग लावणे हा १९२७ च्या वन कायद्याने गुन्हाही आहे.

तेव्हा शेकोटी अंगणातच करा. उठताना पाणी ओता, काठीने राख ढवळा, पुन्हा पाणी ओता आणि राखेजवळ हात नेऊन पाहा. ऊब लागली नाही, तरच आत जा. सोबत आंबेमोहराचा गरम भात आणि पिठले असले, तर थंडीचे आणखी काय मागायचे? घाट उतरून कोकणात गेलात, तर तिकडे वालाच्या शेंगांची, भांबुर्डीच्या पाल्यात भाजलेली पोपटीही चाखा.

मुळशीला नक्की या. उतारावरचे गवत फाल्गुनापर्यंत गुरांसाठी उभे राहील, एवढे मात्र सांभाळा. आणि हाच नेम तुमच्या गावच्या डोंगरालाही लावा.