अम्मींची हरळी

अब्बांच्या इंतकालनंतर आम्ही गावची शेती वाट्याने दिली आणि अम्मींना शहरात आणलं. आम्ही दोघंही शाळेत. संध्याकाळी घरी यायचो तेव्हा अम्मी खिडकीशी बसलेल्या असायच्या. त्यांना जेवण, औषध, आराम सगळं होतं. नव्हतं ते काम. हे आमच्या लक्षात यायला सहा महिने लागले.

घरापुढे 300 चौरस फुटांचं मुरुमाचं अंगण आहे. तिथे लॉन करायचं मुलांच्या मनात आलं. नाताळच्या सुट्टीत आम्ही बर्म्युडा गवताचं बी आणलं, पेरलं आणि वर दोन इंच माती लोटली. तीन आठवडे झाले तरी एक काडी उगवली नाही.

अम्मींनी पाकिटावरचं चित्र न्याहाळलं. म्हणाल्या, "अरे, ही तर हरळी! ही खणता खणता तुझ्या अब्बांची कंबर मोडली, आणि तुम्ही ती पैसे देऊन आणता?" त्या हसल्या. कितीतरी दिवसांनी हसल्या.

मग त्यांनीच समजावलं, "थंडीत हरळी झोपते. ऊन तापू दे. आणि एवढंसं बी इतकं खोल गाडलं तर ते वर कसं येणार?"

फेब्रुवारीच्या अखेरीस पुन्हा सुरुवात केली. मुरुमावर पोयटा आणि कुजलेलं शेणखत पसरलं. अम्मींनी खुरपं घेऊन लव्हाळ्याच्या गाठी वेचून काढल्या. एक जरी राहिली तरी तीच पसरते. पाणी घराकडे येऊ नये म्हणून किंचित उतार ठेवला. पाव किलो बी कोरड्या वाळूत कालवलं. अर्धं उभं फेकलं, अर्धं आडवं. वरून दाताळं हलकेच फिरवलं आणि फळीने माती दाबली. बी जेमतेम पाव इंच झाकलं गेलं.

पाण्याचं काम अम्मींनी घेतलं. वुजूचं पाणी बादलीत साठवायचं आणि फजर, जुहर, असरनंतर झारीने शिंपडायचं. धार सोडली की बी वाहून एका कोपऱ्यात जमतं, म्हणून झारीच. मगरिबनंतर मात्र पाणी नाही. रात्रभर ओल राहिली तर कोवळे कोंब कुजतात.

बाराव्या दिवशी सहरीनंतर त्यांनी आम्हाला हाक मारली. टॉर्चच्या उजेडात हिरवे केस दिसत होते.

ईदला मुलं नवे कपडे घालून अंगणाकडे धावली, तर अम्मी दारातच उभ्या! "अजून पंधरा दिवस कुणी पाय ठेवायचा नाही. मुळं धरू देत." पाहुण्यांना कडेच्या फरशीवरून यावं लागलं. गवत दोन इंचांचं झालं तेव्हा पहिली कापणी झाली, तीही फक्त शेंडे खुडून. पुढे तिचे धागे जमिनीवर धावले आणि उघड्या जागा आपोआप भरल्या.

एका कडुलिंबाखाली मात्र ती आलीच नाही. हरळीला सावली सोसत नाही. तिथे आता अम्मींची खाट असते. खिडकीजवळची खुर्ची रिकामी असते.

परवा शेजारीण बी किती टाकायचं म्हणून विचारायला आली. आम्ही काही बोललो नाही. अम्मींकडे बोट दाखवलं.