'शोभारॉक' या शब्दाचा विग्रह

समास शिकवताना मी फळ्यावर प्रथम 'कागदपत्र' हा शब्द लिहितो. 'कागद' फारसीतून आलेला, 'पत्र' संस्कृतातले. दोन्ही पदे इतकी एकरूप झाली आहेत की त्यांतील सांधा कोणाला दिसत नाही. त्याखाली मी 'शोभारॉक' लिहितो, तेव्हा वर्गात हमखास हसू फुटते. हे नाव माझ्या घरात मात्र एका जुन्या वादाचे कारण होते.

तालवादक त्रिलोक गुर्टू यांची 'उस्फ्रेट' ही ध्वनिमुद्रिका १९८८ साली निघाली. 'शोभारॉक' ही तीमधील एक रचना. शोभा म्हणजे त्यांच्या मातोश्री, बेळगावात जन्मलेल्या ठुमरीगायिका शोभा गुर्टू. आईच्या स्वराभोवती मुलाने तबला, ड्रम, बेस गिटार यांची वीण घातली. याच ध्वनिमुद्रिकेत डॉन चेरी यांचा ट्रम्पेट आहे. जाझमधून निघून आफ्रिकेची लय आणि वाद्ये शोधत हिंडलेला हा कलावंत. फंकचा जड ठेका आणि जाझची मोकळीक एकत्र आल्यावर ऐकणाऱ्याला किंचित गरगरल्यासारखे होते, हेही कबूल करतो.

ती कॅसेट घेऊन मी औंधला घरी गेलो तेव्हा विशीत होतो. आमचे नाना औंधच्या संगीत महोत्सवाचे जुने श्रोते. अंतूबुवा जोशी यांनी आपले गुरू शिवानंद स्वामी यांच्या स्मरणार्थ १९४० मध्ये सुरू केलेल्या या उत्सवात रात्र रात्र बसून त्यांनी कान घडवला होता. नाना पाच मिनिटे स्वस्थ ऐकत राहिले. मग म्हणाले, "ही शोभाताईच ना? मग त्यांच्याभोवती हे काय चालले आहे?" आणि थोड्या वेळाने, "ही भेसळ आहे."

मी चिडून विचारले, "नाना, अंतूबुवांचे चिरंजीव गजाननबुवा व्हायोलिन वाजवत, ती भेसळ नव्हती का? व्हायोलिन काय यमाईच्या डोंगरावर उगवले?" त्यांच्या हृदयातल्या देवावरच बोट ठेवले होते. ते रागावले नाहीत. फक्त म्हणाले, "बुवांच्या व्हायोलिनला सम होती. यात सम कुठे आहे, ते मला दाखव."

मी हातावर ताल धरून पाहिला, दोनदा चुकलो. टेप बंद केला. त्या दिवशी मी वाद हरलो, पण हरल्याचे कबूल केले नाही. पुढे कित्येक वर्षे तो विषय आम्ही टाळला.

उत्तर मला फार उशिरा, भाषासंपर्कावर काम करताना सुचले. पश्चिम आफ्रिकेच्या ढोलवादनात अनेकदा दोनची आणि तीनची आवर्तने एकाच वेळी चालतात. कोणते धरावे हे ऐकणारा ठरवतो. फंकमध्ये मात्र प्रत्येक आवर्तनाची पहिली मात्रा ठासून येते, ती समेची जवळची नातेवाईकच. म्हणजे सम हरवलेली नव्हती. मी एकाच वाद्याला धरून ती शोधत होतो आणि रचना एकाच वेळी अनेक वाद्यांतून बोलत होती. नानांचा प्रश्न चुकीचा नव्हता, उलट तोच खरा प्रश्न होता. मिश्रणाला व्याकरण आहे की नाही, एवढेच त्यांना विचारायचे होते. त्याला 'भेसळ' हे नाव देण्यात ते घाईला आले, इतकेच. आणि मी तर त्यांचा प्रश्न ऐकूनच घेतला नाही.

आता 'शोभारॉक'चा विग्रह करू. 'शोभाचा रॉक' असा केला तर तत्पुरुष होतो, रॉक प्रधान ठरतो आणि आई त्याची केवळ मालकीण. मी बरीच वर्षे असाच शिकवला. 'शोभा आणि रॉक' असा केला तर द्वंद्व होतो, दोन्ही पदांना सारखाच मान. ध्वनिमुद्रिका ऐकताना मला दुसराच विग्रह ऐकू येतो. तुम्हाला पहिला पटला तर तसे कारणासह लिहा, मी गुण कापणार नाही.

नाना गेल्यानंतर त्यांच्या कपाटात ती कॅसेट सापडली. मी ती शोभाताईंचा स्वर संपेपर्यंत वाजवून बंद केली होती. आता फीत त्याच्या बरीच पुढे, शेवटाजवळ थांबलेली होती.