परसातली दोरी

ज्या गोष्टीविषयी घरात कुणी मोठ्याने बोलत नाही, तिच्याविषयी शाळेच्या वार्षिकांकात लिहावे की नाही, हा प्रश्न आम्हां दोघी बहिणींना काही दिवस पडला होता. परंतु जी गोष्ट दर महिन्याला घरोघरी घडते, तिला आपल्या अंकात दोन पानांचीही जागा नसावी हे आम्हांला पटेना. म्हणून मासिक पाळीसाठी वापरावयाच्या साधनांत आम्ही गेल्या वर्षी जो बदल केला, त्याची ही साधी हकीकत.

आमच्या आज्जीने आयुष्यभर जुन्या लुगड्याच्या घड्या वापरल्या. आईने लग्नानंतर दुकानातील पॅड आणले, तेव्हा तिला मोठी सुटका झाल्यासारखे वाटले. आम्हांला तर पॅडखेरीज दुसरे काही ठाऊकच नव्हते. दुकानदाराने कागदात गुंडाळून दिलेली पुडी निमूटपणे आणावी, आणि वापरलेले पॅड तितक्याच निमूटपणे कचऱ्यात टाकावे, एवढेच आम्ही शिकलो होतो. पुढे त्याचे काय होते, हा विचार कधी शिवला नाही.

तो एका सकाळी आला. कचऱ्याच्या गाडीवरील मावशी आमच्या डब्यातला ओला-सुका कचरा वेगळा करीत होत्या. कागद भिजून सुटलेले आमचे पॅड त्यांच्या उघड्या हाताला लागले. त्यांनी हात झटकला, साडीच्या घोळाला पुसला, आणि पुन्हा काम सुरू केले. त्या आम्हांला एक शब्दही बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते, असे दारात उभ्या असलेल्या आम्हां दोघींना वाटले.

त्या रात्री आम्ही हिशेब मांडला. एकीला महिन्याला 15 पॅड धरले, तरी वर्षाला 180. घरात तिघी, म्हणजे 540. पॅडमध्ये लाकडाचा लगदा, द्रव शोषणारी रासायनिक भुकटी आणि खाली प्लॅस्टिकचा पापुद्रा असतो. तो पापुद्रा मातीत कुजत नाही. उघड्यावर जाळावा तर घातक धूर होतो. पॅड नीट गुंडाळून टाकावे आणि उत्पादकांनी त्यासाठी वेष्टन पुरवावे, असे 2016 च्या घनकचरा नियमांनी सांगितले होते. आमच्या घरात ते कुणाच्या कानीही आले नव्हते.

आम्ही आईला सारे सांगितले. तिने स्वतःसाठी सिलिकॉनचा कप घेतला. असा कप काही कालचा नव्हे. लिओना चाल्मर्स या अमेरिकन बाईंनी त्याचे पेटंट 1937 सालीच मिळविले होते. 2019 मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या नियतकालिकात अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा आला, त्यातही तो सुरक्षित ठरला. केरळातील कुंबलंगी हे गाव तर 2022 च्या जानेवारीत पॅडमुक्त म्हणून जाहीर झाले. तेथील स्त्रियांना कप देऊन तो वापरण्यास शिकविले होते. आईला सवय व्हायला तीन महिने लागले. आता पाळी संपली की ती कप उकळून ठेवते.

आम्ही दोघींनी मात्र कापड निवडले. सुती व फ्लॅनेलचे थर एकावर एक ठेवून, बाजूंना बटणे लावून, आईच्या शिलाई यंत्रावर प्रत्येकीसाठी सहा पट्ट्या शिवल्या. धुण्याची रीत आज्जीने शिकविली. आधी थंड पाणी, मग साबण. गरम पाण्याने रक्ताचा डाग कापडात पक्का बसतो. इथवर सारे सुरळीत झाले.

खरी अडचण वाळविण्याची होती. आम्ही पट्ट्या न्हाणीघरात, पंचाच्या आड टांगल्या. आमच्या बेळगावचा पाऊस वाचकांना सांगावयास नको. आषाढात त्या तीन-तीन दिवस ओलसर राहत आणि त्यांना कुबट वास येई. पॅडच बरे होते, असे आम्ही एकमेकींत कुजबुजलो. ते आज्जीने ऐकले.

“आमच्या घड्या गोठ्यामागं, पोत्याखाली वाळायच्या,” ती म्हणाली. “कधी ऊन बघितलं नाही त्यांनी. खाज सुटायची, अंग जळायचं, पण सांगायचं कुणाला? कापड वाईट नव्हतं पोरींनो. वाळवायची जागा वाईट होती.”

आज्जीला आम्ही तेरा-चौदा वर्षे पाहत होतो. हे दुःख तिने प्रथमच उच्चारले.

परसातल्या दोरीवर पट्ट्या टाकण्यास आईचा विरोध होता. “शेजारी बघतील, घरात पुरुषमाणसं आहेत,” हे तिचे म्हणणे. दोन दिवस वाद चालला. तिसऱ्या दिवशी उघडीप पडली. आज्जी काठी टेकीत परसात गेली आणि बाबांच्या सदऱ्याशेजारी तिने एकेक पट्टी चिमट्याने लावली. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहत राहिली. पण काढावयास गेली नाही.

दुपारी अचानक सर आली. आम्ही शाळेत होतो. परत येऊन पाहतो तो दादाने सारे कपडे आत आणले होते. त्यांत आमच्या पट्ट्याही होत्या, पलंगावर नीट घडी घालून ठेवलेल्या. तो अभ्यास करीत बसला होता. “वाळल्या नव्हत्या पुऱ्या, इस्त्री फिरवा,” एवढेच त्याने मान वर न करता सांगितले.

सर्वांनी आमच्यासारखेच करावे, असा आमचा आग्रह नाही. जिथे पाण्याची टंचाई आहे, कपडे वाळवावयास स्वतःची जागा नाही, तिथे पॅडच सोयीचे. प्रवासात आणि परीक्षेच्या दिवशी आम्हीही ते वापरतो. मात्र आता ते जाड कागदात गुंडाळून, वर लाल खूण करून वेगळे देतो. मावशींनी ती खूण ओळखली आहे.

आज्जीच्या पिढीने कापड लपविले आणि आम्ही पॅड लपविले. लपविण्याची रीत तीच होती. साधन बदलणे आम्हांला एका आठवड्यात जमले. ते उन्हात आणावयास आमच्या घराला तीन पिढ्या लागल्या. हे लिहीत असताना खिडकीतून परस दिसते आहे. दोरीवर बाबांचा सदरा आहे, आज्जीचे लुगडे आहे, आणि त्यांच्या मध्ये आमच्या पट्ट्या वाळत आहेत.